मीटर माणूस बघत नाही

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी आठवणी लिहून पाठवाव्यात, असे संपादक मंडळाचे पत्र आले. सोबत एक माहितीपत्रकही होते. नाव, शाळेतील वर्षे, सध्याचा व्यवसाय, वडिलांचा व्यवसाय असे त्यातले रकाने. प्रथम मनात आले की, इतिहासाचा शिक्षक या नात्याने आंबेडकरी शैक्षणिक चळवळीवर एखादा अभ्यासपूर्ण लेख द्यावा. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापन केलेली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ चे मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादेत सुरू झालेले महाविद्यालय आणि त्या प्रेरणेतून पुढे ठिकठिकाणी उभी राहिलेली आपल्यासारखी वसतिगृहे, असा त्या लेखाचा आराखडाही तयार केला. परंतु दोन पानांच्या पुढे लेखणी सरकेना. डोळ्यांपुढे सारखा येत होता तो शाळेच्या फाटकात उभा असलेला, खाकी शर्टातला एक माणूस. ते माझे वडील. ते मुंबईत टॅक्सी चालवीत. आम्ही भावंडे त्यांना अण्णा म्हणत असू.

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात. बिऱ्हाड नायगावच्या बी.डी.डी. चाळीत. अण्णा गिरणीत बदली कामगार होते. बदली कामगाराने रोज गेटवर उभे राहायचे, कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर आत जायचे, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी परतायचे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, असे गिरणगावातली माणसे आजही सांगतात. आमच्या घरात मात्र त्याचा निकाल चार-पाच महिन्यांतच लागला. पितळेची भांडी गेली, मग आईच्या कानातले गेले. त्या जूनमध्ये कोणीतरी या शाळेचे नाव सुचविले. ‘तिथं पोरगं जेवेल आणि शिकेल,’ असे आई म्हणाली. त्या वाक्यात जेवण आधी आणि शिक्षण नंतर का होते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

मी इकडे आलो आणि अण्णा तिकडे चाळीतल्या एका टॅक्सीवाल्याच्या शेजारी बसून फियाट चालवायला शिकले. लायसन काढले, पुढे बॅज मिळाला. गाडी मालकाची. संध्याकाळी ताब्यात घ्यायची, सकाळी धुऊन परत द्यायची. मालकाचे ठरलेले पैसे आणि पेट्रोल वजा जाता जे उरेल ते आपले. मुंबईच्या टॅक्सीत ड्रायव्हरच्या शर्टावरून त्याची पायरी कळते, हे कित्येकांना ठाऊक नसते. गाडी स्वतःची असेल त्याचा शर्ट पांढरा. दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्याचा खाकी. अण्णांनी खाकी शर्ट बारा वर्षे घातला.

पहिल्या दिवाळीच्या सुट्टीसाठी मला न्यायला ते रात्रपाळी संपवून तसेच एस.टी.त बसले आणि त्याच शर्टात फाटकात येऊन उभे राहिले. माझ्या शेजारच्या मुलाने विचारले, ‘तुझे वडील पोलीस आहेत का?’ मी म्हणालो, ‘हो.’

आज पन्नाशी उलटून गेल्यावरही हे लिहिताना हात थबकतो. माझ्या वर्गात शेतमजुरांची मुले होती, वीटभट्टीवरच्या मजुरांची होती. ती आपल्या बापाचे काम सरळ सांगत. मी मुंबईहून आलेला म्हणून वर्गात माझी थोडी ऐट होती. ती मला मोडायची नव्हती, इतकेच.

त्या संध्याकाळी वंदना झाल्यावर अधीक्षक गुरुजींनी अण्णांना पुढे बोलावले आणि म्हणाले, ‘मुंबईत टॅक्सी कशी चालते, ते जरा आमच्या मुलांना सांगा.’ गुरुजींनी माझे खोटे ऐकले होते की नाही, हे मला कधीच कळले नाही. अण्णा चौथीपर्यंत शिकलेले. सभेत कधी बोललेले नव्हते. ते उठले आणि हातांनीच बोलू लागले. काचेबाहेर मीटर कुठे असतो, गाडी रिकामी असताना त्याचा झेंडा कसा उभा असतो, पॅसेंजर बसला की तो कसा खाली पाडायचा, हे त्यांनी हवेत करून दाखविले. मुले हसली. एकाने विचारले, ‘श्रीमंत माणूस बसला तर जास्त पैसे घेता का?’ अण्णा म्हणाले, ‘नाही रे बाळा. मीटर माणूस बघत नाही. किती लांब गेलास, तेवढंच बघतो.’ मी शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी एस.टी.त आम्ही शेजारी बसलो. तासभर कोणी काही बोलले नाही. मग खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, ‘पोलिसात जायला माझी उंची कमी पडली असती.’ पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही क्षमा मागितली नाही.

टॅक्सीवाल्याला रोज नवी माणसे भेटतात, असा आपला समज असतो. तो खराही आहे. पण एका भागात वर्षानुवर्षे गाडी उभी केली की काही पॅसेंजर ठरून जातात. ते त्याच वेळी, त्याच कोपऱ्यावर येतात आणि दुसरी गाडी समोर असली तरी थांबून राहतात. अण्णांच्या बोलण्यात या माणसांना नावे नसत. ‘पेपरवाले साहेब’, ‘बँकवाले आजोबा’, ‘मंगळवारच्या बाई’ अशीच ती आमच्या घरात राहिली.

पेपरवाले साहेब एका दैनिकात रात्रपाळीचे उपसंपादक होते. रात्री दोनच्या सुमारास ते फोर्टातल्या कचेरीतून निघत आणि दादरला उतरत. उतरताना छापखान्यातून आलेला ताजा अंक पुढच्या सीटवर ठेवत. पहिल्या दिवशी अण्णांनी तो परत देऊ केला. साहेब विसरले असावेत, असे त्यांना वाटले. ‘तुमच्यासाठीच आहे. वाचता येते ना?’ असे त्यांनी विचारले. अण्णा ‘येतं’ म्हणाले. ते अर्धेच खरे होते. मग पहाटे पुढचे भाडे मिळेपर्यंत, रस्त्यावरच्या दिव्याखाली गाडी लावून, ते अक्षरे जुळवीत अंक वाचू लागले. एखादा शब्द अडला तर दुसऱ्या रात्री विचारीत. ‘अध्यादेश’ आणि ‘विधेयक’ यांतला फरक मला माझ्या कोणत्याही शिक्षकाच्या आधी अण्णांनी सांगितला आहे.

वाचून झालेले अंक ते जपून ठेवीत आणि दर पंधरा दिवसांनी एस.टी.च्या पार्सलने शाळेत पाठवीत. त्या काळातल्या मित्रांना सभागृहाच्या कोपऱ्यातला, सुतळीने बांधलेला तो गठ्ठा आठवत असेल. तो कोठून येतो, हे मी कोणाला सांगितले नव्हते. इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी आपण रेडिओवर ऐकली. त्या दिवसांचे अंक आपल्या हाती पडले ते पंधरा दिवसांनी. तोवर त्या अंकांतले कितीतरी अंदाज शिळे झाले होते. घटना घडताना माणसांना जे दिसते आणि काही काळ गेल्यावर जे दिसते, त्यांतले अंतर मला पहिल्यांदा तिथे जाणवले. इतिहासात एम.ए. करण्याची बीजे त्या गठ्ठ्यात होती. ज्या साहेबांमुळे हे घडले, त्यांना मी पाहिलेही नाही. एका रात्री ते आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत. कोणाला विचारावे, तर अण्णांना त्यांचे नाव ठाऊक नव्हते.

पुढे अण्णांना दिवसपाळी मिळाली आणि बँकवाले आजोबा भेटले. गिरगावात राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले. दर तीन आठवड्यांनी पत्नीसह परळच्या टाटा रुग्णालयात जायचे. त्या काळी मीटरवर दिसणारा आकडा आणि द्यायचे पैसे यांचा मेळ दरपत्रकावरून घालावा लागे. भाडेवाढ झाली की कार्ड बदले. आजोबा स्वतःचे कार्ड खिशात ठेवीत. गाडी थांबली की चष्मा लावून आकडा जुळवीत आणि पै-पैचा हिशेब करीत. दुखणे वाढत गेले तरी हिशेब सुटला नाही. अण्णांना प्रथम राग येई. ‘मी काय फसवतो का?’ असे घरी येऊन म्हणत. पुढे त्यांच्या लक्षात आले की, दिवसभर डॉक्टर, परिचारिका आणि रांगा यांच्या हाती असलेल्या त्या माणसाच्या स्वतःच्या हाती तेवढीच एक गोष्ट उरली आहे. मग कार्ड हातात असूनही ते आजोबांची बेरीज होईपर्यंत थांबू लागले. रुग्णालयाबाहेर उभ्या केलेल्या वेळेचे पैसे मात्र त्यांनी कधी सांगितले नाहीत, आणि आजोबांच्या बेरजेत ते कसे आले नाहीत, याचे त्यांना हसू येई.

एका खेपेला आजी एकट्याच आल्या. काही कागद आणायचे होते. गिरगावात परतल्यावर त्यांनी पिशवीतून आजोबांचे कार्ड काढले, चष्मा लावला आणि आकडा शोधू लागल्या. त्यांना तो सापडेना. अण्णा सांगत, ‘मी मागं वळून बघितलं नाही. लागेल तेवढा वेळ लागू दे म्हटलं.’

वर्षातून एकदाच भेटणारे नेहमीचे पॅसेंजरही होते. ५ डिसेंबरच्या रात्री मराठवाड्याकडून येणारे एक कुटुंब व्ही.टी.ला उतरे. एका वर्षी त्यातल्या म्हाताऱ्या आजींना चालवत नव्हते म्हणून अण्णांनी त्यांना दादरपर्यंत सोडले आणि सांगितले, ‘पुढच्या सालीही इथंच, या खांबापाशी उभे राहा.’ पुढच्या वर्षी ते खरोखरच तिथे उभे होते. असे सात-आठ वर्षे चालले. चैत्यभूमीकडचे रस्ते बंद असत, म्हणून जाता येईल तिथवर गाडी न्यायची आणि उरलेली वाट त्यांच्याबरोबर चालायची. त्या रात्री अण्णा मीटरला हात लावीत नसत. त्यांच्या हिशेबात तेवढी एक रात्र बसत नव्हती.

मंगळवारच्या बाई दादरच्या एका जुन्या इमारतीत राहत. वयस्क, एकट्या, बोलायला गोड. दर मंगळवारी प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या दर्शनाला जात. चार वर्षे त्या अण्णांच्याच गाडीने गेल्या. माझ्या दहावीच्या निकालाची त्यांनी आवर्जून चौकशी केली आणि पेढे मागितले. येताना त्या अण्णांच्या हातावर प्रसाद ठेवीत. बावीस प्रतिज्ञांचे पालन करणारे अण्णा तो वयस्क माणसाच्या हातचा खाऊ म्हणून घेत आणि सिग्नलवरच्या मुलांना देत.

१४ एप्रिल १९९१ हा बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा दिवस. मालकाची परवानगी घेऊन अण्णांनी त्या दिवशी गाडीत, स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला, भगवान बुद्ध आणि बाबासाहेब यांची एक लहान तसबीर लावली. पुढच्या मंगळवारी बाई बसल्या. तसबीर त्यांनी पाहिली. येताना प्रसादाची पुडी त्यांच्या पर्समध्येच राहिली. त्यापुढच्या मंगळवारी इमारतीचा पहारेकरी खाली येऊन म्हणाला, ‘बाई आज जाणार नाहीत.’ अण्णा कोपऱ्यावर वळले आणि आरशात त्यांना बाई दुसऱ्या टॅक्सीत बसताना दिसल्या. तरीही आणखी दोन मंगळवार ते त्या इमारतीपाशी गेले. तिसऱ्या मंगळवारी गेले नाहीत.

आई म्हणाली, ‘फोटो घरात लावा. धंद्याच्या गाडीत कशाला?’ तसबीर तिथेच राहिली.

मी तेव्हा एम.ए. करीत होतो. बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनाची पुस्तिका १९९० साली प्रसिद्ध झाली होती. तिच्यात वाहनांचे दोन प्रसंग आहेत. पहिला १९०१ सालचा. वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच कोणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले आणि तेही अशा अटीवर की, बैल मुलांनीच हाकायचे. दुसरा प्रसंग १९२९ सालचा, चाळीसगावचा. बाबासाहेब तोवर बॅरिस्टर झाले होते आणि सरकारी समितीच्या कामासाठी फिरत होते. स्टेशनवरून वस्तीत न्यायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला वस्तीतलाच एक माणूस बसला, ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

मसूर तर आमच्याच जिल्ह्यातले. मोठ्या आवेशाने मी हे सारे अण्णांना ऐकविले. टांगेवाल्याच्या जातिगर्वावर मी बरेच बोललो. अण्णा ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, ‘ज्यानं टांगा हाकला, त्याचं पुढं काय झालं?’

मी निरुत्तर झालो. पुस्तकात ते नाही आणि मलाही ते विचारावेसे वाटले नव्हते. अण्णा म्हणाले, ‘येत नसताना तो बसला. आपल्या साहेबांना चालत न्यायला नको म्हणून बसला. आणि त्याच्याच हातून ते पडले. त्याला झोप कशी लागली असेल रे?’ शिकलेल्या मुलाला त्या प्रसंगात प्रवासी दिसला होता आणि नकार देणारा दिसला होता. लगाम हातात घेतलेला तो घाबरलेला माणूस एका टॅक्सीवाल्यालाच दिसला. इतिहास शिकविताना आजही एखादा प्रसंग सांगून झाला की मी मुलांना विचारतो, यात आणखी कोण होते?

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात एके दिवशी दादरला गुडघाभर पाणी साचले होते. बहुतेक टॅक्सीवाले काच खाली न करताच पुढे जात होते. फुटपाथवर छत्री धरून मंगळवारच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी हात केला. अण्णांनी गाडी थांबविली. बाईंनी दार उघडले, अण्णांना ओळखले, क्षणभर थांबल्या आणि बसल्या. मीटर पडला. वाटेत कोणी बोलले नाही. इमारतीपाशी बाईंनी मोजून पैसे दिले, अण्णांनी मोजून घेतले. नंतर त्या कधी दिसल्या नाहीत.

घरी हे ऐकून माझा संताप अनावर झाला. ‘तुम्ही थांबलातच का? त्यांना भिजू द्यायचे होते,’ मी म्हणालो. अण्णा म्हणाले, ‘हात केला, थांबलो. हात कुणाचा हे बघून गाडी थांबवायला लागलो तर चाळीसगावच्या टांगेवाल्याहून मी निराळा कसा?’ मी म्हणालो की, त्याचा नकार जन्माच्या गर्वातून आला होता, तुमचा स्वाभिमानातून आला असता. दोन्ही एक नाहीत. अण्णांनी यावर विचार केला. ‘असेल,’ ते म्हणाले. ‘पण बाहेर पावसात उभ्या असलेल्याला त्यातला फरक कळत नाही.’

हा वाद माझ्या मनात आजही मिटलेला नाही. बाबासाहेबांनी आपल्याला स्वाभिमान शिकविला आणि समता, बंधुताही शिकविली. त्यांतले काय कोणत्या क्षणी पुढे करायचे, हे पावसात ब्रेकवर पाय असताना ज्याचे त्याला ठरवावे लागते. अण्णांचा निर्णय बरोबरच होता, असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. तो त्यांच्या कमाईचा होता, एवढे म्हणू शकतो.

१९९४ साली कर्ज काढून अण्णांनी जुनी पद्मिनी घेतली आणि पांढरा शर्ट शिवला. खाकी शर्टाचे आईने फडके केले. त्यानेच ते रोज काचा पुसत. २००९ साली ते गेले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली.

आता गाडी मोबाइलवरून येते. हात करायचा नसतो, कोपऱ्यावर थांबायचे नसते. आज भेटलेला ड्रायव्हर पुन्हा भेटण्याची शक्यता फार कमी. दोघांना एकमेकांची नावे मात्र आधीच कळतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील अशी गाडी चालवितात. पालक सभेनंतर त्यांनी मला हळूच विचारले, ‘सर, गाडीत बुद्धमूर्ती ठेवू की नको? पॅसेंजर तारे कमी देतात का, अशी शंका येते.’ मी शिक्षक. माझ्याकडे उत्तर असायला हवे होते. मी त्यांना मंगळवारच्या बाईंची हकिकत सांगितली. ते म्हणाले, ‘म्हणजे तुमच्या वडिलांनी काढली नाही.’ मी म्हणालो, ‘नाही काढली. पण पॅसेंजर गेला, हेही खरे आहे.’ त्यांनी काय ठरविले, मी विचारलेले नाही.

दरवर्षी जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज भरून घेताना ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यापाशी एखादे मूल अडखळते. मी घाई करीत नाही. लागेल तेवढा वेळ लागू देतो. संपादक मंडळाने पाठविलेले माहितीपत्रक या लेखासोबत भरून पाठवीत आहे. त्यातल्या वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी ‘टॅक्सी ड्रायव्हर, मुंबई’ असे लिहिले आहे. या शाळेच्या कागदावर हे मी स्वतःच्या हाताने प्रथमच लिहीत आहे. त्या दिवाळीत मला ‘तुझे वडील पोलीस आहेत का?’ असे विचारणारा मित्र ही स्मरणिका वाचीत असेल, तर त्याने माझे तेव्हाचे उत्तर दुरुस्त करून घ्यावे.

नमो बुद्धाय. जय भीम.